दहाची कॅम्पा: बाटली पास, खरा पेपर समोरच्यांच्या उत्तराचा

आधी बाटलीबद्दल. रिलायन्सची कॅम्पा कोला, 200 मिली, 10 रुपये. चव गोडाकडे झुकलेली, थम्स अपसारखा घशाला लागणारा झटका नाही. थंडगार असेल तर वडापावाबरोबर चालून जाते. कोमट झाली की सरबताकडे वळते. गॅस पहिल्या चार घोटांत भरपूर, शेवटच्या दोनांत कमी. हा दोष एकट्या कॅम्पाचा नाही. छोट्या प्लास्टिक बाटलीत आतल्या पेयाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ जास्त असतं आणि त्या भिंतीतून गॅस हळूहळू निसटत राहतो. म्हणून 200 मिलीची बाटली 2 लिटरच्या बाटलीपेक्षा लवकर बसते. घेताना तारीख बघावी, आणि दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या पेटीतली घेऊ नये. संत्रा आणि लिंबू हे भाऊ कोलापेक्षा बरे. संत्र्याची चव गोल्ड स्पॉटची आठवण असलेल्यांना ओळखीची वाटेल.

पेय म्हणून पाचपैकी तीन. मात्र ही बाटली नुसती पिऊन परीक्षण संपत नाही. अलीकडच्या काळात भारतीय बाजारात खेळल्या गेलेल्या चालींपैकी ही एक नीट विचार करून खेळलेली चाल आहे, आणि तिची किंमत ठरवताना समोरचे, म्हणजे कोका-कोला आणि पेप्सी, काय करतील याचा हिशेब आधी मांडलेला दिसतो. तो हिशेब कसा मांडतात, कुठे बरोबर येतो आणि कुठे फसतो, हे या बाटलीइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं.

मुंबईकरांना कॅम्पा हे नाव पेयापेक्षा वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमुळे, बेकायदा मजल्यांच्या त्या लांबलेल्या खटल्यामुळे जास्त माहीत. मूळ कंपनी प्युअर ड्रिंक्स ही कोका-कोलाची भारतातली जुनी बॉटलर, म्हणजे तिचं पेय बाटल्यांत भरून विकणारी कंपनी. 1977 मध्ये कोका-कोला देश सोडून गेली, तेव्हा प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा काढली आणि पारलेने थम्स अप. 1990 मध्ये पेप्सी आली, 1993 मध्ये कोका-कोला परतली आणि पारलेचे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे ब्रँड विकत घेऊन बसली. मुंबईच्या ड्यूक्स या शीतपेय कंपनीला पेप्सीने घेतलं. कॅम्पा मागे पडली. 2022 मध्ये रिलायन्सने हा ब्रँड घेतला आणि 9 मार्च 2023 ला पुन्हा बाजारात उतरवला. सुरुवात आंध्र आणि तेलंगणापासून.

तारखेकडे लक्ष द्या. कोल्ड्रिंकचा धंदा मुख्यतः फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत होतो. मार्चपर्यंत समोरच्या कंपन्यांचं उन्हाळ्याचं सगळं ठरलेलं असतं: कोणत्या मापाच्या किती बाटल्या, प्रीफॉर्मची (फुगवून बाटली करायच्या प्लास्टिकच्या नळ्यांची) ऑर्डर, बाटल्या भरायची लाइन कुठली कशासाठी चालवायची, जाहिरातीचे पैसे कुठे. नवं माप काढायचं तर साचा, लेबल, पॅकिंग आणि लाइनचं वेळापत्रक सगळंच बदलावं लागतं. ते त्या मोसमात होत नाही. म्हणजे मार्चमध्ये उतरणाऱ्याला पहिल्या उन्हाळ्यात फक्त झटपट देता येणारी उत्तरं झेलायची असतात: स्कीम, डिपॉझिटमध्ये सूट, एखाद्या राज्यात भाव उतरवणं. झालंही तसंच. त्याच मार्चमध्ये कोका-कोलाने मध्य प्रदेशात 200 मिलीची काचेची बाटली 5 रुपयांनी उतरवली, आणि आंध्र-तेलंगणात दुकानदाराकडून काचेच्या बाटल्यांच्या क्रेटसाठी घेतलं जाणारं डिपॉझिट सोडून दिलं.

हे उत्तर घाबरून दिलेलं नव्हतं. काचेची परतीची बाटली घरी नेता येत नाही, दुकानासमोर उभं राहून प्यावी लागते. त्यामुळे तिची किंमत उतरवली तरी 20 रुपयांच्या प्लास्टिक बाटलीचं गिऱ्हाईक फारसं हलत नाही. शिवाय प्रत्येक वेळी नवं प्लास्टिक लागत नसल्याने 10 रुपयांतही तिचा खर्च बसू शकतो, फक्त क्रेट, धुलाई आणि रिकाम्या बाटल्या परत आणणारी गाडी सांभाळावी लागते. शत्रूला मारायचं, पण आपल्या घराची काच फोडायची नाही, असं हे उत्तर.

समोरचा काय करेल याचा अंदाज बांधताना त्याचा हेतू विचारत बसू नये. त्याच्या हिशेबाची वही उघडून बघावी, म्हणजे निदान कल्पनेने तरी. ती वही अशी.

20 रुपयांची 250 मिलीची बाटली घ्या. समजा दुकानदाराचे 5 टक्के, वितरकाचे 5 टक्के. कंपनीच्या हातून ती 18 रुपयांना निघते. या पेयांवर 40 टक्के कर आहे. पूर्वी 28 अधिक 12 सेस होता, 22 सप्टेंबर 2025 पासून सरळ 40. म्हणजे 18 भागिले 1.4, कंपनीला मिळाले 12 रुपये 86 पैसे. साखर, प्लास्टिक, झाकण, लेबल, अर्क, गॅस, वाहतूक असा दर बाटलीमागचा बदलता खर्च साडेसहा रुपये धरू (आकडा उदाहरणापुरता). राहिले 6 रुपये 36 पैसे. आता रागाच्या भरात हीच बाटली 15 ला आणली तर त्याच टक्केवारीने कंपनीला मिळतात 9 रुपये 64 पैसे, आणि उरतात 3 रुपये 14 पैसे. पहिल्याइतकाच पैसा हातात यायला दुपटीहून थोड्या जास्त बाटल्या विकाव्या लागतील. आणि मे महिन्यात प्रकल्प आधीच पूर्ण क्षमतेने चालतात. दुप्पट बाटल्या आणणार कुठून? म्हणजे ऐन मोसमात, देशभर, मुख्य बाटलीचा भाव उतरवणं हे उत्तर वहीतच बाद होतं. कॅम्पाची 10 रुपयांची चाल या एका ओळीवर उभी आहे.

कॅम्पाच्या बाजूने तीच वही अशी: 10 रुपयांतून दुकानदाराला 8 टक्के म्हणजे 80 पैसे, वितरकाला 40 पैसे दिले तर कंपनीच्या हातून 8 रुपये 80 पैशांना बाटली निघते, त्यात कर 2 रुपये 51 पैसे, मिळतात 6 रुपये 29 पैसे. साखरेच्या कोलात 100 मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. 200 मिलीत 21 ग्रॅम, 40 रुपये किलोने 84 पैसे. प्लास्टिकचे दहा-बारा ग्रॅम, झाकण, लेबल, अर्क, गाडीभाडं. शिल्लक राहते ती अगदी पातळ. पण नवख्याकडे वाचवायला जुनी 20 रुपयांची बाटली नाही. प्रस्थापिताला भाव उतरवताना जुन्या प्रत्येक बाटलीवरचं नुकसान मोजावं लागतं, नवख्याला फक्त नव्या बाटलीचा खर्च. समोरचा तुमच्यापेक्षा हळू का हलतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. आळस हे कारण सहसा नसतं.

आता फसगत कुठे होते ते. नवख्याला वाटतं, आपण दुकानदाराला टक्केवारी जास्त देतोय, तो आपलाच. बातम्यांतही कॅम्पा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त मार्जिन देते असंच येत राहिलं. पण 10 चे 8 टक्के म्हणजे 80 पैसे आणि 20 चे 4 टक्के म्हणजेही 80 पैसे. दुकानदार टक्के मोजत नाही. त्याच्या मनात फ्रीजमधली एक जागा असते आणि तिथून दिवसाकाठी किती सुटले हे असतं. दहाची बाटली वीसच्या बाटलीपेक्षा जास्त वेगाने फिरली तरच ती त्या जागेला परवडते. शाळेजवळ, एसटी स्टँडवर, बांधकामाच्या साइटजवळच्या टपरीवर ती फिरते. सोसायटीच्या गेटवरच्या दुकानात, जिथे लोक 2 लिटरची बाटली घरी नेतात, तिथे दहाची बाटली धूळ खाते. वितरकाने दोन्हीकडे सारखीच पेटी उतरवली की एका दुकानात माल संपलेला आणि दुसऱ्यात तारीख जवळ आलेला, अशी गंमत होते.

फ्रीज हा तर समोरच्यांचा सगळ्यात मजबूत बुरुज. दुकानातला लाल किंवा निळा फ्रीज बहुधा कंपनीने दिलेला असतो आणि त्यात दुसऱ्याचा माल ठेवायचा नाही असा करार किंवा निदान दट्ट्या असतो. सेल्समन आठवड्याला फेरी मारतो तेव्हा पहिलं काम दार उघडून आत बघणं. परक्याची बाटली दिसली की स्कीम बंद, नाहीतर फ्रीज उचलून नेण्याची भाषा. कोल्ड्रिंक थंड नसेल तर ते कोल्ड्रिंक नव्हेच. त्यामुळे नवखा दुकानात पोचतो, पण फ्रीजबाहेर. ही प्रतिक्रिया जाहिरातीत दिसत नाही, कुठल्या निवेदनात येत नाही, पण पहिल्या सहा आठवड्यांत हीच सर्वात जास्त चावते. कुणी अशीच चाल खेळायचा विचार करत असेल तर भावाच्या आधी फ्रीजचं गणित करावं: किती दुकानांत स्वतःचा फ्रीज देणार, किती ठिकाणी दुकानदाराचा स्वतःचा आहे, आणि उरलेल्या ठिकाणी बर्फाच्या पेटीवर भागणार का. टपरीवर बर्फाची पेटी असते, म्हणून दहाची बाटली तिथे आधी रुजते.

काही लोक या सगळ्याची जिओशी तुलना करतात: 5 सप्टेंबर 2016 ला फुकट डेटा आला आणि दोन वर्षांत व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या, तसंच इथे होणार. ही तुलना लंगडी आहे. मोबाइलच्या जाळ्यात टॉवर उभा राहिला की आणखी एक जीबी द्यायला खर्च जवळपास शून्य. कोलाच्या प्रत्येक बाटलीत 84 पैशांची साखर पडतेच, डिझेल जळतंच. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहता येतं; कोलाचं गिऱ्हाईक उद्या दुपारी पुन्हा नव्याने जिंकावं लागतं. समोरच्यांनीही हे ओळखलं असावं. म्हणून इथे टेलिकॉमसारखी धावपळ दिसली नाही. पेप्सीच्या मोठ्या बॉटलरच्या नेतृत्वाने नव्या खेळाडूमुळे बाजार वाढेलच असं जाहीरपणे सांगितलं. गप्प राहणं किंवा गोड बोलणं हेही उत्तर असतं. एका बाजूने ते गुंतवणूकदारांना सांगणं असतं, दुसऱ्या बाजूने स्वतःच्याच वितरकांना घाबरवायचं नसतं.

याच्या मागे एक रचना आहे, जी बाहेरून दिसत नाही. कोका-कोला आणि पेप्सी मुख्यतः अर्क विकतात. बाटली भरून दुकानापर्यंत नेण्याचं काम बरंचसं बॉटलर करतात. 10 रुपयांची लढाई लढायची म्हणजे पहिला फटका बॉटलरच्या मार्जिनला. जानेवारी 2024 मध्ये कोका-कोलाने राजस्थान, बिहार, ईशान्य भारत आणि पश्चिम बंगालच्या काही भागांचं बॉटलिंग स्थानिक भागीदारांकडे सोपवलं, डिसेंबर 2024 मध्ये आपल्या बॉटलिंग कंपनीच्या धारक कंपनीतला 40 टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया गटाला देण्याचं जाहीर केलं. अशा वेळी भावयुद्धाचा निर्णय एकट्या मुख्यालयाचा राहत नाही. समोरच्याचा अंदाज घेताना विचारायचा प्रश्न असा: त्याच्या घरात या उत्तराचे पैसे कोण भरणार, आणि ज्याला भरायचे आहेत तो हो म्हणेल का? राज्याराज्याचा भागीदार वेगळा असेल तर उत्तरही राज्याराज्यात वेगळं येणार. महाराष्ट्रात बसून मध्य प्रदेशातल्या भावावरून निष्कर्ष काढू नये.

समोरच्यांच्या पायातली दुसरी बेडी अशी की रिलायन्स रिटेल, म्हणजे याच गटाची दुकानांची साखळी, हीच कोक-पेप्सीची मोठी गिऱ्हाईक. प्रतिस्पर्ध्याला दुकानातून हाकलण्याचा जो डाव किराण्यात चालतो, तो मॉलमध्ये उलटतो.

पक्कं उत्तर आलं ते 2025 च्या उन्हाळ्याआधी, आणि अपेक्षेपेक्षा हुशार आलं. 10 रुपयांत बिनसाखरेच्या छोट्या बाटल्या: थम्स अप एक्स फोर्स, कोक झीरो, स्प्राइट झीरो, पेप्सीचा बिनसाखरेचा कोला. साखरेचे 84 पैसे वाचतात. तेवढा गोडवा देणारी कृत्रिम गोडी काही पैशांत येते. कर मात्र वाचत नाही, साखर असो नसो 40 टक्केच. पण खरी चतुराई खर्चात नाही. ही वेगळी वस्तू आहे, त्यामुळे 20 रुपयांच्या मूळ कोकची किंमत ग्राहकाच्या मनात घसरत नाही. वीसवाला वीसच देतो, दहावाल्याला दहात काहीतरी मिळतं, आणि टपरीवरच्या बर्फाच्या पेटीत कॅम्पाच्या शेजारी आपली बाटली उभी राहते. मूळ बाटलीला धक्का न लावता लढायला पुढे केलेली ही दुसरी बाटली. मार्च 2023 च्या काचेच्या बाटलीतही तर्क हाच होता. ज्याने तेव्हा तो ओळखला असता, त्याला 2025 चं उत्तर आधीच दिसलं असतं.

चव म्हणाल तर या बिनसाखरेच्या बाटल्यांत मागे राहणारी एक धातूसारखी चव आहे. गावाकडच्या गिऱ्हाइकाला ती लगेच कळते. इथे कॅम्पाची साखर जिंकते.

या बाजाराची जुनी पानं चाळली तरी तीच पद्धत दिसते. पेप्सी येताना पारलेने थम्स अपची 250 ऐवजी 300 मिलीची महाकोला बाटली काढली: उत्तर मापातून दिलं. 2003 मध्ये कोका-कोलाने आमिर खानला घेऊन 200 मिलीची बाटली 5 रुपयांत आणली आणि पेप्सीला मागोमाग यावं लागलं. दोघेही एकाच भावात आले की फायदा कुणालाच उरत नाही; खर्च चढला आणि ते 5 रुपये टिकले नाहीत. त्याच ऑगस्टमध्ये शीतपेयांत कीटकनाशकं सापडल्याचा अहवाल आला आणि सगळाच हिशेब विस्कटला, त्यामुळे त्या प्रयोगाचा निकाल कधीच स्वच्छ लागला नाही. आणि लाहोरी जीरा विसरू नका. पंजाबातल्या त्या कंपनीने 160 मिली 10 रुपयांत विकून हा भाव चालतो हे आधीच दाखवून दिलं होतं. मोठ्यांनी तेव्हा दुर्लक्ष केलं, कारण ती कोला नव्हती. प्रतिस्पर्धी म्हणून कुणाला मोजायचं, इथेच अर्धे अंदाज चुकतात.

रिलायन्सचं कुठे चुकलं? बहुधा जाहिरातीच्या वजनात. 2025 च्या आयपीएलच्या प्रक्षेपणावर कॅम्पा मोठी प्रायोजक म्हणून झळकली. ते प्रक्षेपण आपल्याच गटाच्या भागीदारीतल्या जिओस्टारचं. पण ज्या टपऱ्यांवर बाटली पोचतच नाही तिथे ही मागणी समोरच्याच्या फ्रीजकडे जाते. पडद्यावर कॅम्पा बघून आलेलं पोर दुकानात "एक कोला द्या" म्हणतं आणि हातात लाल फ्रीजमधली बाटली पडते. पोहोच आधी, गाजावाजा नंतर, हा क्रम उलटला की तुमचा खर्च समोरच्याच्या गल्ल्यात जमा होतो.

पिणाऱ्यासाठी निकाल सोपा. 100 मिलीला कॅम्पा 5 रुपये पडते, 20 रुपयांची 250 मिली 8 रुपये. कॅम्पाची 500 मिली बाजारात आली तेव्हा 20 ला होती, म्हणजे 4 रुपये. दोघांनी प्यायची तर तीच घ्या, गॅसही जास्त टिकतो. थम्स अपचा झटका हवा असेल तर ही बाटली समाधान करणार नाही.

दुकानदारासाठी: दहाच्या मालाची पहिली ऑर्डर चार दिवसांच्या खपापुरतीच ठेवा. वितरक "दहावर एक फुकट" स्कीम घेऊन आला तर आधी पेटीवरची तारीख बघा. जुना माल स्कीममध्येच निघतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मोठा साठा करू नका, कारण दुसऱ्या बाजूची स्कीम साधारण तेव्हाच येते आणि मग आपला माल महाग पडतो. फ्रीज कंपनीचा असेल तर दहाच्या बाटल्यांसाठी वीस लिटरची बर्फाची पेटी वेगळी ठेवा, दिवसाला दोनदा बर्फ भरा, आणि संध्याकाळी उरलेल्या बाटल्या पाण्यातून काढून पुसून ठेवा. नाहीतर लेबल सुटतं आणि सकाळी तीच बाटली कुणी घेत नाही.